उत्तरेच्या बेटावर जाणारं जहाज आणि गटाकडे आलेला अर्ज

मी पूर्णगडहून बोलतेय. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. नेहमी कशासाठी येतात अर्ज? कोणाला शिलाई मशीन घ्यायचं असतं, कोणाला आंबापोळीसाठी साखर भरायची असते, कोणाच्या घरावर कौलं चढवायची असतात. हा अर्ज वेगळा होता. आमच्याच एका वहिनींची मुलगी, हॉटेलचा कोर्स केलेली, तिला मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरी लागणार होती. त्यासाठी दीड लाख रुपये हवे होते.

बैठकीत सगळ्या गप्प. एक म्हणाली, "पोरीला एवढ्या लांब?" दुसरी म्हणाली, "दीड लाख कशाचे, ते तरी कळू दे." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझा धाकटा मुलगा गेली सहा वर्षं अशाच जहाजावर आहे. मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. त्याला विचारून, कागद बघून सांगते. जे तिथे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. कारण ही गोष्ट एका पूर्णगडाची नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या गावागावांतून पोरं जहाजावर जातात, आणि घरातल्या बाईला तो तिथे नक्की काय करतो हे धड माहीत नसतं.

आगबोट आणि हे जहाज

आपल्या सासूबाईंच्या पिढीला बोट नवी नव्हती. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट कोकणातली एकेक बंदरं घेत गोव्याकडे जायची. जिथे धक्का नाही तिथे बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं किनाऱ्यावर यायचं. ज्यांना बोट लागायची त्यांचे हाल विचारू नका.

आता जे जहाज आहे ते माणसं पोचवायचं जहाज नाही. ते तरंगतं हॉटेल आहे. दोन-तीन हजार पाहुणे, वर हजार-बाराशे कामगार. पाहुणे कुठे पोचायचं म्हणून बसत नाहीत. फिरून परत त्याच बंदरात उतरतात. उन्हाळ्यात माझ्या मुलाचं जहाज उत्तरेला जातं, नॉर्वे देशाच्याही वर, स्वालबार्ड नावाच्या बेटांवर.

हे किती उत्तरेला? आपलं पूर्णगड विषुववृत्तापासून सुमारे १७ अंशांवर आहे. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयिअरब्येन ७८ अंशांवर आहे. तिथून उत्तर ध्रुव सुमारे १३०० किलोमीटर. गावात एकही झाड नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. पृथ्वी कलून फिरते आणि उन्हाळ्यात तिचं उत्तरेचं टोक सूर्याकडे झुकलेलं असतं, म्हणून तिथे मध्यरात्रीही ऊन. हिवाळ्यात याच्या उलट. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य उगवतच नाही.

पहाट नसलेला दिवस

माझा मुलगा केबिन स्टुअर्ड आहे. म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या आवरणं. त्याच्याकडे अठरा खोल्या आहेत. मी त्याला म्हटलं, त्या बेटाचा एक दिवस मला सकाळपासून रात्रीपर्यंत सांग. तो हसला. म्हणाला, "आई, तिथे सकाळ-रात्र घड्याळातच."

तिथले पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात. तो उठतो तो पाण्याच्या पातळीच्या आसपास असलेल्या खोलीत. खिडकी नाही, एकावर एक दोन बिछाने, दुसरा मुलगा फिलिपिन्सचा. खाली कामगारांसाठी जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एक लांब बोळ आहे. त्याला बरेच जण अमेरिकेतल्या एका मोठ्या रस्त्याच्या नावावरून 'आय नाइन्टी फाइव्ह' म्हणतात. आपण 'मुंबई-गोवा हायवे' म्हणू. त्या बोळातून पीठ, बटाटे, चादरींच्या गाड्या, कचरा, सगळं सतत चाललेलं असतं. वर पाहुण्यांच्या मजल्यावर गालिचे आणि पियानो, आणि हे सगळं त्यांना दिसत नाही.

साडेसहाला काम सुरू. पाहुणे नाश्त्याला गेले की खोली धरायची. बिछाना, न्हाणीघर, कचरा, टॉवेल. न्हाणीघराचं फडकं वेगळं, टेबलाचं वेगळं, रंग ठरलेले. एवढी काळजी का? इतकी माणसं एका छपराखाली जेवतात, तिथे जुलाब-उलटीची साथ आली तर दोन दिवसांत सगळीकडे पसरते. म्हणून दर काही पावलांवर हात धुवायची सोय आणि हात धुवा म्हणून सांगणारा माणूस. आपण अंगणवाडीत पोरांना जे शिकवतो तेच.

दुपारी दीडपर्यंत एक पाळी, मग विश्रांती, मग संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ दुसरी. आठवड्याची सुट्टी नाही. करार सहा ते नऊ महिन्यांचा, तोवर रोज काम. मात्र जगभरच्या खलाशांसाठी एक करार आहे, २००६ सालचा. आपल्या देशाने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात विश्रांतीचे नियम आहेत : चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. रोजची विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडता येत नाही, आणि त्यातला एक तुकडा निदान सहा तास सलग हवा. आपल्यापैकी किती जणींना घरी सहा तास सलग मिळतात, ते ज्याचं त्याने बघावं.

सात आखूड, एक लांब

एक गोष्ट मला फार बरी वाटली. जहाज निघायच्या आधी किंवा निघताच प्रत्येक पाहुण्याला संकटाचा सराव करावाच लागतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा इशारा. तो ऐकला की आपल्याला नेमून दिलेल्या जागी जायचं. माझ्या मुलाचं काम आपल्या खोल्या रिकाम्या झाल्या का ते बघायचं. म्हणजे चादर बदलणारा हात वेळ आल्यावर जीव वाचवणाराही असतो.

हा नियम असाच नाही आला. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' हे जहाज खडकावर आपटलं. ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो पाहुण्यांचा सराव झालेला नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणात आजही जुनी माणसं ते नाव हळू आवाजात घेतात. म्हणून सांगते, उद्या तुम्ही जेट्टीवरच्या साध्या लाँचमध्ये बसलात आणि जॅकेट दिलं, तर लाजू नका. घाला.

बेटावर

आता बेट. गावात वस्ती अडीच हजारांच्या आसपास. धक्का लहान, एकाच दिवशी दोन मोठी जहाजं आली तर एकाला दूर नांगर टाकून थांबावं लागतं. मग छोट्या होड्यांतून पाहुणे किनाऱ्यावर नेतात. त्याला ते टेंडर म्हणतात. मी म्हटलं, अरे, हा तर आपला पडाव!

बंदराच्या दिवशी सगळ्याच कामगारांना उतरता येत नाही. आग लागली, पाणी शिरलं तर हाताळायला ठरावीक माणसं जहाजावर राहावीच लागतात. मुलाला एकदा दोन तास मिळाले. त्यात त्याने जे पाहिलं ते असं.

घरं लाकडी, लाल-पिवळी, खांबांवर उभी. कारण खालची जमीन बारा महिने गोठलेली असते. घराच्या उबेने ती वितळली तर घर खचेल. काही इमारतींत शिरताना बूट दाराशी काढायचे. ही रीत कोळशाच्या खाणीतल्या काजळीमुळे पडली. खाणकाम कमी होत गेलं, रीत राहिली. माझ्या मुलाला एवढ्या लांबवर तेवढंच घरच्यासारखं वाटलं. गावात मांजर पाळायला बंदी आहे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांसाठी. वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलाची भीती, म्हणून पाहुण्यांना बंदूक घेतलेल्या वाटाड्याशिवाय जायचं नाही. दवाखाना आहे पण लहान. बाळंतपणाच्या सुमारे तीन आठवडे आधी गरोदर बाईला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जावं लागतं. नववा महिना लागला की रत्नागिरीत नातेवाइकांकडे जाऊन राहणाऱ्या आपल्या मुली आठवा.

हे गाव १९०६ मध्ये कोळशासाठी वसलं. खाणमालकाचं नाव लाँगयिअर, तेच गावाला पडलं. खाणी एकेक बंद होत गेल्या आणि शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. आता गाव संशोधन आणि पर्यटनावर चालतं. म्हणजे जहाज हा त्यांचा रोजगार आहे, आणि जहाज हेच त्यांचं ओझंही आहे. विचार करा, अडीच हजारांच्या गावात एका सकाळी तीन हजार माणसं उतरतात. ती जेवतात जहाजावर, झोपतात जहाजावर. गावात दोन तास फिरतात, फोटो काढतात, एखादी टोपी घेतात आणि जातात.

त्यामुळे तिथल्या सरकारने नियम केले. २०२२ पासून त्या समुद्रात जड, काळं इंधन जाळणारी जहाजं बंद. २०२५ पासून संरक्षित भागात एका जहाजावर २०० हून जास्त पाहुणे चालत नाहीत. मोठ्या जहाजांनी फक्त गावाकडे जायचं. अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहायचं, मार्च ते जून ५००. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या तिकिटातून पर्यावरणासाठी वेगळी रक्कम कापली जाते. आणि १९४६ च्या आधीची माणसाने ठेवलेली कुठलीही वस्तू, मग तो गंजका डबा का असेना, हलवायची नाही. हे ऐकून मला आपल्या पूर्णगडच्या किल्ल्याचा तट आठवला. मुचकुंदीच्या मुखावरचा तो छोटासा किल्ला, दारावरचे गणपती, चंद्र, सूर्य. त्याच्या दगडांवर खिळ्याने नावं कोरणाऱ्याला आपण काय म्हणतो? काही नाही.

बी आणि पाऊस

त्या बेटावरच्या दोन गोष्टी आपल्याशी थेट जोडलेल्या आहेत, त्या सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

पहिली, बियाण्यांची कोठी. गावाजवळच्या डोंगरात बोगदा खणून २६ फेब्रुवारी २००८ ला ती उघडली. जगभरच्या बियाण्यांचे नमुने उणे १८ अंशांत ठेवलेत, तेरा लाखांहून जास्त. त्यात भात आहे, ज्वारी आहे, कडधान्यं आहेत, भारतातल्या वाणांसकट. आपण कणगीत किंवा मडक्यात राख घालून पुढच्या वर्षीचं बी ठेवतो, तीच कल्पना. ज्याने ठेवलं त्याचंच ते राहतं. सिरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची बियाण्यांची बँक हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये त्या संस्थेने इथून आपलं बी परत नेलं, दुसऱ्या देशांत पेरलं आणि पुढे नवं बी पुन्हा आणून ठेवलं. पाहुण्यांना आत सोडत नाहीत, दार लांबून बघायचं.

दुसरी गोष्ट, आपलं भारताचं घर. त्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर न्यू-ऑलसुंड नावाची संशोधकांची छोटी वस्ती आहे. तिथे २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र आहे. ते चालवणारी संस्था कुठली? आपल्या शेजारची, गोव्यात वास्कोची. तिकडचं बर्फ आणि वारा बदलला तर आपल्या पावसाचं काय होतं, याचाही अभ्यास तिथे होतो. डिसेंबर २०२३ पासून आपले संशोधक अंधाऱ्या हिवाळ्यातही तिथे राहू लागलेत. त्या वस्तीत पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातले बारीक संदेश टिपणारी यंत्रं आहेत. स्वालबार्ड इतर जगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने तापतंय. डिसेंबर २०१५ मध्ये लाँगयिअरब्येनमधल्या घरांवर बर्फाचा कडा कोसळून दोघं गेले. निसर्ग आणि तौक्ते बघितलेल्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको.

आता अर्जाचं

मुलाचा दिवस रात्री साडेनऊला संपतो. बाहेर लख्ख ऊन असतं. तो भात-आमटी मिळाली तर जेवतो आणि मला फोन करतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. मी जागी असते. आपल्याला वाटतं पोरगा जग फिरतोय. तो सहा वर्षांत त्या बेटावर नऊ-दहा वेळा पोचला असेल, उतरला एकदाच. पण त्याच पैशांतून घराचा स्लॅब झाला आणि बहिणीचं शिक्षण झालं. दोन्ही खरं आहे, आणि जाणाऱ्या मुलीने दोन्ही ऐकून जावं.

आता पैशांचं. आमच्या घरातही ठेच लागलेली आहे. मुलाच्या पहिल्या खेपेला आम्ही एका दलालाला ऐंशी हजार दिले. त्याने कंपनीच्या नावाचं पत्र दिलं, शिक्का होता, जहाजाचा फोटोही होता. ठरल्या दिवशी मुंबईला गेलो तर ऑफिसला कुलूप. ते पैसे परत आले नाहीत. माझ्या बांगड्या त्यात गेल्या. नंतर कळलं, की मुळात ते पैसे द्यायचेच नव्हते.

नियम असा आहे. जहाजावर माणूस पाठवणाऱ्या एजन्सीकडे सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. हे कार्यालय मुंबईत आहे आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. या एजन्सीने नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून कमिशन घ्यायचंच नाही. तिचे पैसे कंपनी देते. व्हिसाचा खर्चसुद्धा कंपनीचा. उमेदवाराने आपल्या खिशातून करायचा तो खर्च म्हणजे पासपोर्ट, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडची तपासणी, खलाशाची नोंदवही म्हणजे सीडीसी, आणि प्रशिक्षण. प्रशिक्षणात पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार आणि सुरक्षितता हे छोटे कोर्स येतात. ते मान्यताप्राप्त संस्थेतच करायचे आणि पावती घ्यायची.

मग मी त्या मुलीला बोलावून कागद मांडायला सांगितले. तिला म्हटलं, "दीड लाखाचा हिशेब सांग." ती म्हणाली, "काकू, तीस हजार कोर्स आणि कागदांचे. बाकीचे त्या सरांना द्यायचेत, ते जागा पक्की करून देणार." सरांच्या एजन्सीचा परवाना क्रमांक? तिच्याकडे नव्हता. मागितला तर ते म्हणाले, विश्वास नसेल तर दुसऱ्या मुली रांगेत आहेत. व्हिसा कुठला? आधी पर्यटक व्हिसावर जायचं, जहाज तिकडे मिळेल. यादीत आम्ही ते नाव शोधलं, सापडलं नाही.

बैठकीत मी एवढंच सांगितलं. गटाने ठराव केला : कर्ज द्यायचं, पण तीस हजारांचं. कोर्सची फी थेट संस्थेच्या खात्यात जाईल, पावती गटाच्या फायलीत लागेल. सरांच्या वाट्याचा एक रुपयाही नाही. मुलगी त्या दिवशी रडली, आम्ही तिची नोकरी घालवली असं तिला वाटलं. तिची आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. आता तिचे कोर्स सुरू झालेत, आणि यादीतल्या दोन एजन्सींकडे तिने स्वतः अर्ज केलेत. नोकरी लागेल की नाही, मी सांगू शकत नाही. कर्ज फेडता येईल एवढंच आहे, हे मात्र सांगू शकते.

तुमच्या गटाकडे असा अर्ज आला, तर हे प्रश्न विचारा.

एजन्सीचा परवाना क्रमांक काय, आणि सरकारी यादीत तो सापडतो का?

पैसे कशाचे, आणि प्रत्येक रकमेची पावती मिळणार आहे का? जागा पक्की करण्याचे पैसे मागत असतील तर तिथेच थांबा.

करार लेखी आहे का? त्यात जहाजाचं नाव, काम, पगार, महिने आणि परतीचा खर्च कोणाचा, हे लिहिलंय का? करार संपल्यावर घरी आणून सोडायचा खर्च कंपनीचा असतो.

पर्यटक व्हिसावर नेतो म्हणत असेल, तर नाही म्हणा.

आणि मुलगी जात असेल तर तिला हेही सांगा : खोली दुसऱ्या बाईबरोबरच मागायची. जहाजावर तक्रार कशी करायची याची लेखी पद्धत प्रत्येक कामगाराला मिळाली पाहिजे, ती चढल्याबरोबर वाचून ठेवायची. कराराची आणि पासपोर्टची प्रत घरी ठेवायची. अडचण आली तर मुंबईत खलाशांची युनियन आहे, तिचा नंबर आईच्या फोनमध्येही असू दे.

गेल्या वर्षी मुलाने त्या बेटावरून एक पोस्टकार्ड टाकलं. ते पूर्णगडच्या पोस्टात पोचेपर्यंत तो स्वतः घरी येऊन गेला होता. त्यावर अस्वलाचं चित्र आहे. ते मी गटाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. कपाट उघडून कर्जाचं रजिस्टर काढताना ते दिसतं, आणि परवाना क्रमांक विचारायची आठवण राहते.

तुमच्याकडे कोणी असं फसलं असेल, किंवा नीट जाऊन आलं असेल, तर रेडिओला कळवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या वेळी त्यावर बोलू.